आपाला न सापडलेलं कारण

आपा चहासुद्धा प्रयोगशाळेतल्यासारखा प्यायची. विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये आम्ही दोघींत एक चहा घ्यायचो. रिकाम्या ग्लासात ती आधी घोटभर चहा ओतायची, ग्लास कलता करून गोल फिरवायची, तेवढा चहा बाहेर झाडाच्या मुळाशी टाकायची आणि मग आपला वाटा ओतून घ्यायची. कॅन्टीनवाल्याला ते लागायचं. "म्याडम, ग्लास धुतलेला हाय," तो एकदा म्हणाला. आपा शांतपणे म्हणाली, "धुतलाय, भाऊ. पण कशानं धुतलाय ते मला माहीत नाही." ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्यानं बाटली आधी विसळायची, हा तिच्या कामातला नियम होता. इतकी वर्षं विहिरी आणि हापसे फिरून तो तिच्या हातातच मुरला होता.

ती सिल्लोडकडची. वडील उर्दू शाळेत मास्तर होते. नाव शाहीन, पण वयानं आम्हा सगळ्या संशोधकांत मोठी, म्हणून आख्ख्या विभागाची आपा, थोरली बहीण. ती पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करत होती, मी समाजशास्त्रात. शहरात खोली शोधताना दोन-तीन घरमालकांनी तिचं नाव विचारलं आणि खोली कालच गेल्याचं सांगितलं. मी हे घरी बोलले. वडिलांनी जेवता जेवता मान वर केली आणि आमच्या मुकुंदवाडीच्या घराची वरची खोली रिकामीच आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी आपा दोन बॅगा आणि बाटल्यांचं एक खोकं घेऊन आली. महिन्याभरात ती माझ्यापेक्षा आईचीच जास्त झाली.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसायचो. इतिहास विभागातला आमचा मित्र नितीनही कधी कधी यायचा. त्याच्याकडे तारीख नसलेले जुने कागद होते. कागदाचा पोत, शाई आणि अक्षराचं वळण यावरून तो त्यांचा काळ ठरवायचा. मी घरात निर्णय कोण घेतं ते मोजत होते. बायकांना सरळ विचारलं की सगळ्या 'आमचे मालक' म्हणायच्या. म्हणून मी फ्रिज घ्यायचा विषय पहिल्यांदा कुणी काढला, मुलाची शाळा कुणी पाहून आली, असलं आडून आडून विचारायची. आपा हे सगळं मन लावून ऐकायची. एकदा म्हणाली, "म्हणजे आपण तिघं एकच काम करतोय. जे दिसत नाही त्याच्या आजूबाजूचं मोजतोय."

शून्य हा आकडा ती कधी लिहायची नाही. पाण्यात शिसं सापडलं नाही, तर माझ्यासारखीनं सरळ शून्य लिहिलं असतं. आपा समजावायची की आपल्या यंत्राला दिसलं नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. ते तिथं नाही असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही.

तिचा विषय एक गाव होता. कन्नड तालुक्यात, पिशोरच्याही पुढं. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या मुलींची लग्नं आधीच मोडायला लागली होती. त्या गावात तिशी-चाळिशीतल्या माणसांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. आधी पाय सुजायचे, मग अन्नावरची वासना उडायची, मग शहरात डायलिसिसच्या फेऱ्या सुरू व्हायच्या. या माणसांना ना साखर होती, ना रक्तदाब. डॉक्टरांच्या कागदावर 'कारण अज्ञात' असा शेरा असायचा. ते अज्ञात काय आहे, हे आपाला शोधायचं होतं.

घरोघरी बोलायला कुणीतरी हवं, म्हणून मी तिच्यासोबत जायला लागले. बसनं कन्नड, तिथून पिशोर आणि पुढं मिळेल त्या जीपनं. आपाच्या बर्फाच्या पेटीत रिकाम्या बाटल्या असत आणि एक भरलेली, सीलबंद बाटली. तिच्यात प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी. ती न उघडता गावात न्यायची आणि तशीच परत आणायची. प्रवासात, पेटीत, हाताळण्यात नमुन्यांत काही शिरलं, तर ते या बाटलीत दिसावं म्हणून. गावातल्या गयाबाईंनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं, "आपाबाई, ह्ये पानी बी गाव बघायला आलं व्हय?" आपा खूप हसली. तिला इतकं हसताना मी पुन्हा फारसं पाहिलं नाही.

गयाबाईंचा ओटा हा आमचा मुक्काम. त्यांचे मालक याच आजारानं गेले होते. आता थोरला मुलगा भारत आठवड्याला शहरात डायलिसिसला जायचा. थोरल्या मुलीचं, मंगलचं लग्न आधीच झालं होतं. आम्ही गेलो की गयाबाई भाकरी टाकायच्या आणि आपा चुलीजवळ बसून एकेक विचारायची. पाणी कुठलं, मीठ कुठलं, तेल कुठलं, मिसरी लावता का, अंग दुखलं की कुठली गोळी घेता. उन्हात किती काम करतात, फवारणी कोण करतं ते मी लिहून घ्यायची. आपानं पाणी तपासलं, माती, ज्वारी, मीठ, तेल तपासलं, अगदी मिसरीसुद्धा.

आणि डोंगरापलीकडचं एक गावही तपासलं. तिथं कुणी आजारी नव्हतं. आजारी गावात जे आहे आणि तिथं नाही, तेच तर शोधायचं होतं. आजारी गावातल्या लोकांना ते पटायचं नाही. मरतो आम्ही आणि बाटल्या त्यांच्या भरता, असं एकानं तोंडावर सुनावलं. आपानं अंगणात दोन वाट्या मांडून त्याला सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "समजलं. पर आमच्या वाटीत काय हाय ते तर तुमाला बी ठाऊक नाय."

निकाल येत गेले आणि दर वेळी दोन्ही गावं सारखीच निघाली. फ्लोराइड थोडं जास्त होतं, पण दोन्हीकडे. जो फरक आज दिसायचा तो पुढच्या उन्हाळ्यात पुसला जायचा. आपा खोलीत कागद पसरून बसायची. आई जेवायला हाक मारायची, ती 'आले' म्हणायची आणि येत नसे.

तिचे मार्गदर्शक सर वाईट नव्हते. त्यांनी एक दिवस तिला बोलावलं. मीही सोबत होते. सर म्हणाले, "शाहीन, फ्लोराइड जास्त आहे हे खरं आहे ना? मग शेवटच्या प्रकरणात तेवढं पुढं आण. गावात शुद्धीकरणाचं यंत्र बसेल."

"सर, तेवढंच फ्लोराइड पलीकडच्या गावात आहे. तिथं कुणी आजारी नाही."

"मला कळतं ते. पण ज्याला कारण नाही त्या आजारासाठी कुणी काही देत नाही, बाळा."

त्या संध्याकाळी घरात हाच विषय झाला. आईचं म्हणणं होतं, लिहून टाकावं, लोकांना चांगलं पाणी तर मिळेल. वडिलांनी विचारलं, यंत्र बसूनही माणसं मेली तर? आपा बराच वेळ पोळीचा एकच तुकडा मोडत बसली. मग म्हणाली, "मग कुणी शोधणारच नाही, काका. कारण सापडलंय म्हणतील आणि फाइल बंद करतील."

तिनं प्रबंधात लिहिलं की उपलब्ध साधनांनी कारण निश्चित करता आलं नाही, शोध चालू राहायला हवा. पदवी मिळाली. मुलाखतींना मात्र तेच विचारायचे, एवढ्या वर्षांत तुम्हाला नेमकं सापडलं काय? ती खरं उत्तर द्यायची. नोकरी मिळायची नाही.

पदवी मिळाली त्याच उन्हाळ्यात भारत गेला. दहाव्यानंतर आम्ही गावात गेलो. ओट्यावर माणसं बसली होती. आपा गयाबाईंजवळ खाली बसली. गयाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "सापडलं का?"

"नाही, मावशी."

उत्तर आलं गयाबाईंच्या दिराकडून. आवाज चढवून नाही, अगदी साध्या सुरात तो म्हणाला, "पान्यात हाय म्हनून लिवलं असतं तर पानी साफ करायचं मशीन तरी आलं असतं. तुमचं खरं तुमच्यापाशी ऱ्हायलं, आमाला काय?" आपानं मान खाली घातली. परतीच्या जीपमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला तेव्हा वाटलं होतं की आपाचंच बरोबर. आज तसं ठामपणे म्हणवत नाही. यंत्र आलं नाहीच, आणि फाइल उघडी ठेवून कुणी शोधायलाही आलं नाही.

तिला एकच आशा उरली होती. सगळ्या नमुन्यांचा एकेक भाग तिनं विभागातल्या फ्रीजरमध्ये राखून ठेवला होता. पुढं कधीतरी अधिक चांगलं यंत्र येईल, कुणी हुशार पोरगी येईल, तिला हे लागेल, असं ती म्हणायची. शहर सोडायच्या आधी ती नमुन्यांना नव्या चिठ्ठ्या लावायला गेली. मी दारात उभी होते. फ्रीजरमध्ये दुसऱ्याच कुणाच्या पिशव्या होत्या. एका नव्या विद्यार्थिनीनं अदबीनं सांगितलं की जागा हवी होती, जुनं सगळं काढायला सांगितलं होतं. "बाटल्या टाकल्या नाहीत, आपा. स्वच्छ धुऊन ठेवल्यात." बेसिनजवळ त्या उलट्या मांडून ठेवलेल्या होत्या. आपानं एक उचलली, उजेडात धरून पाहिली आणि जागेवर ठेवली. त्या मुलीला म्हणाली, "छान धुतल्यायस."

आता ती परभणीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तिथं प्रयोगशाळा नाही. आमचे फोन होतात, पण गावाचा विषय दोघीही काढत नाही.

गेल्या महिन्यात मात्र काढावा लागला. गयाबाईंचा मला फोन आला होता. मंगलचे पाय सुजायला लागले होते. मी आपाला फोन केला. ऐकून तिनं विचारलं, "ती नांदते कुठं?"

मी सांगितलं, बुलढाण्याकडं. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली असतील. तिकडं तिच्या सासरी कुणालाही हा आजार नाही.

फोनवर पोरांचा गलका ऐकू येत होता. आपा हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तिनं त्या गावचं पाणी प्यायलेलंच नाही. अन्नही नाही. जे काही आहे, ते लहानपणीच आत गेलं असणार. आणि मी मोजत बसले मोठ्या माणसांचं, आजचं." मग म्हणाली, "गयाबाईंना विचारशील? पोरं लहान असताना काय खायची, काय प्यायची. वेगळं असं काही."

मी विचारलं. गयाबाईंनी खूप वेळ आठवून पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "येगळं काय असनार, बाई? गावात समद्यांची पोरं खायची, त्येच."