किसनमास्तरांचे दोन बेंजो

बेंजो पार्टीत वाजवण्यापेक्षा बसणंच जास्त. नवरदेवाची गाडी पंक्चर झाली, बसा. मामा रुसले, बसा. भटजी अजून स्टँडवरच हायत, बसा. आमी उभ्या आयुष्यात जेवढं वाजवलं, त्याच्या दुप्पट टेम्पोच्या फाळक्याला टेकून बसलो असू. अन् रिकाम्या बसलेल्या माणसाजवळ किस्सेच गोळा होतेत, दुसरं काय होणार?

आता पार्टी मोडली. माझ्या ताशाचं कातडं फाटलं, तर माझ्या चहाच्या हॉटेलात त्यात कांदे ठेवतो. पण चहाला येणारे दोघं-चौघं अजून म्हणतेत, "मास्तरांचं सांगा की." दर बारीला हसायसाठी म्हणूनच सुरू करतो. शेवटाला कुणी हसत न्हाय. तरी सांगतो.

*

पार्टी आमची धाराशिवकडच्या वाशीची. किसनमास्तर अन् त्यांचा सख्खा धाकटा भाऊ उत्तम, दोघं बेंजोवर. गफूर कॅसिओवर. म्या ताशावर. बाकीची माणसं येऊन-जाऊन असायची.

बेंजो म्हणजे एक लाकडी पेटी. वर तारा, अन् तारांवर टाईपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं तार छेडायची. आमच्या दोन भावांचं सवाल-जवाब चालायचं. मास्तर सवाल टाकायचे, उत्तम जवाब द्यायचा. लोक नाचायचं सोडून ऐकत उभे राहायचे.

मास्तरांना मात्र हसरं गाणं कधी मानवलंच न्हाय. लग्नाच्या वरातीत असं काही रडकं काढायचे की घोडंसुद्धा मान खाली घालायचं. एका लग्नात नवरीचा बाप हात जोडत आला. डोळे पुसत म्हणला, "मास्तर, पोरगी संध्याकाळी जायची हाय. तुमी सकाळीच का रडवलालाव?"

मास्तर म्हणले, "संध्याकाळी आमाला दुसरी सुपारी हाय."

*

उत्तमचं एकच मागणं असायचं. "दादा, एकदा सवाल मी टाकू का?"

मास्तरांचं उत्तर ठरलेलं. "तू जवाब दे."

भूमला एक वरात होती. नेमका बाजाराचा दिवस. वरात मेथीच्या पाट्या अन् मोटारसायकलींत अडकलेली. मास्तर पाणी प्यायला म्हणून एका दुकानात गेले, तेवढ्यात उत्तमनं सवाल टाकला. अन् काय टाकला! भाजी विकणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. कुणी शिट्टी मारली, कुणी टोपी उडवली. उत्तमचं तोंड असं उजळलेलं म्या आधी कधी बघितलं न्हवतं.

मास्तर आले. माईक हातात घेतला अन् सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणले, "मंडळी, माफी असावी. हे बेसूर झालं. परत ऐका."

अन् तोच सवाल त्यांनी स्वतः वाजवला. जसाच्या तसा.

गफूर माझ्या कानाला लागला. "बेसूर कुठं होतं? उलट पहिलंच जरा बरं होतं."

उत्तमनं बेंजो टेम्पोत ठेवला अन् चालत स्टँडकडं गेला. एसटीनं एकटाच गावी आला. दोघं एकाच गल्लीत राहायचे, दारासमोर दार. त्या दिवसापासनं बोलणं बंद. मला त्याचं लई वाईट वाटायचं, पण मास्तरांपुढं बोलणार कोण?

*

आमी म्हणलं, जवाबाला दुसरा माणूस बघू. मास्तर म्हणले, "कशाला? त्याच्यावाचून काय अडलंय?"

एका टेबलावर दोन्ही बेंजो शेजारी शेजारी मांडले. उजवीकडं स्वतःचा, डावीकडं उत्तमचा. आता एक हात एका बेंजोवर, दुसरा दुसऱ्यावर. मंग तार छेडायची कशानं? तर छेडायचीच न्हाय. बोटानं बटण असं टिचकून मारायचं की बटणाच्या दणक्यानंच तार बोलली पाहिजे. आवाज पार बारीक निघतो, पेटीला कान लावला तरच कळावा. पण वायर आवाजाच्या मशीनला जोडली की चौकापर्यंत जातो. पट्टी त्यांनी उकिरड्यावर फेकून दिली. उन्हाळाभर दार लावून टिचक्या मारत बसले. वहिनी, म्हंजी मास्तरांची बायको, म्हणायच्या, "घरात माणूस हाय का तहसील कचेरी, तेच कळंना झालंय."

अन् जमलं की हो! उजव्या हातानं सवाल, डाव्या हातानं जवाब. एकटा माणूस, दोघांचं वाजवणं. उत्तमला जवाब जरासा उशिरा उचलायची खोड होती. मास्तरांच्या डाव्या हातानं ती खोडसुद्धा उचलली. डोळे मिटले तर उत्तमच बसलाय असं वाटायचं. म्या एकदा हे बोलून दाखवलं, तर मास्तर आठ दिवस माझ्यासंगं बोलले न्हायीत.

पहिल्यांदा असं वाजवलं ते वाशीतच, एका साखरपुड्यात. एक म्हातारबुवा लई वेळ समोर उभे राहून मास्तरांची बोटं बघत होते. गाणं संपल्यावर पुढं आले अन् म्हणले, "झालं असंल तुमचं, तर माझाबी एक अर्ज टाईप करून द्या."

*

तिकडं उत्तमनं डीजे घेतला. भिंतीएवढे बॉक्स, रंगीत लायटी, सगळं. पहिली मोठी सुपारी सास्तूरची. मला त्यानंच बोलावलं, "ये की ऐकायला, आता कोण बेसूर म्हणतंय बघू."

सुरू केलं तसं जमीन थरथरायला लागली. मांडवाचे खांब हलायला लागले. एक म्हातारी उठली, मांडीवरचं नातवंड उचललं अन् बाहेर मोकळ्या मैदानात जाऊन उभी राहिली. तिच्या मागं दुसरी. मंग म्हातारे. जेवढी म्हणून पिकल्या केसांची माणसं होती, तेवढी सगळी ताटं सोडून बाहेर. त्र्याण्णवच्या भूकंपात त्या गावानं काय बघितलं, ते नव्या पोरांना काय ठावं?

उत्तमला वाटलं, लोक नाचायला बाहेर पडले. त्यानं आवाज अजून वाढवला.

म्या जाऊन सांगितलं तवा त्यानं बंद केलं. धंदा मात्र त्याचाच चालला. आमच्या सुपाऱ्या कमी कमी होत गेल्या.

*

आमच्या शेवटच्या सुपारीचा किस्सा गफूर अजूनबी सांगू देत न्हाय. तो नसला की सांगतो.

वाशीतलीच वरात, सकाळची वेळ. मास्तर टेम्पोत टेबलामागं बसलेले, दोन्ही हात चालू. मधीच सवाल यायचा बंद झाला. नुसता जवाब ऐकू यायला लागला. आमच्या धंद्यात असं झालं की एकच गोष्ट असते, वायर लूज. गफूरनं पळत जाऊन वायर हलवली. न्हाय. पिन पुसून घातली. न्हाय. दुसरी वायर लावली, मशीनवरचं बटण फिरवलं, बेंजोला एक थाप मारली. न्हाय. तो वैतागला अन् म्हणला, "मास्तर, तुमी वाजवत राहा, फॉल्ट सापडतोच."

मास्तर वाजवतच होते. डाव्या हातानं. तोंड एका बाजूला ओढलेलं, अन् उजवा हात बटणांवर नुसता पडलेला.

फॉल्ट वायरमधी न्हवता.

*

धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली अन् वाचा गेली. डॉक्टरनं वहिनींना समजावून सांगितलं, की आता ह्यांना बोलता येणार न्हाय, तुमी धीर धरा.

वहिनी म्हणल्या, "बोलत तर आधीबी न्हवते. आता निदान कारण तरी हाय."

असं म्हणल्या, अन् जिन्यात जाऊन रडल्या. म्या डबा घेऊन वर चाललो होतो, म्हणून दिसलं.

मास्तर डाव्या बोटांनी खाटेच्या लोखंडावर टिचक्या मारत पडायचे. शेजारच्या खाटेवरचा पेशंट तक्रार करायचा. नर्स म्हणायची, "आजोबा, शांत पडा ना." मास्तर थांबायचे. जरा वेळानं पुन्हा सुरू. थांबायचे तेबी बरोबर मापात थांबायचे, हे फक्त मला अन् गफूरला कळायचं.

*

घरी आल्यावर वहिनींनी टेबल मांडून दिलं, मशीन लावून दिलं. आता डाव्या हाताला येतं काय? उत्तमचा जवाब. तेवढाच. मास्तर जवाब वाजवायचे अन् थांबायचे. सवालाएवढा वेळ जाऊ द्यायचे, मंग पुढचा जवाब. समोरच्या दारात ते सगळं ऐकू जायचं.

आमी म्हणलं, ह्यांना जोड देऊ. गफूर कॅसिओ घेऊन गेला. मास्तर थांबले त्या जागेत त्यानं सवाल भरला, एकदम सुरात. मास्तरांनी हात उचलून कॅसिओवर असा आपटला की त्याच्या दोन पट्ट्या निघून आल्या. गफूरनं त्या खिशात घातल्या अन् उठला. दारात मला म्हणला, "माझी जागा न्हाय ती. चुकलंच माझं."

मंग आमी नुसते जाऊन बसायला लागलो.

*

तुमी म्हणाल, समोरच्या दारातला उत्तम काय करत होता? ऐकू जायचं म्हणलं खरं, पण उत्तमला काहीच ऐकू जात न्हवतं.

इतकी वर्षं त्या बॉक्सांजवळ उभं राहून त्याचे कान गेले होते. आधी कुणालाच कळलं न्हाय, कारण तो कुणी काहीबी म्हणलं की मान डोलवायचा. एका मिरवणुकीत पोलीस म्हणले, "बंद कर." ह्यानं हसून मान डोलवली. "बंद कर म्हणतोय ना!" ह्यानं पुन्हा मान डोलवली. पोलिसांना वाटलं, मस्ती आली ह्याला. सगळा सेट उचलून नेला. मंग त्यानं डीजे विकूनच टाकला. कुणाच्या मयतीला गेला तरी तसंच. लोक म्हणायचे, लई वाईट झालं, अन् हा हसून मान डोलवायचा. मंग लोकांनी त्याला कुठं बोलवायचंच सोडलं.

दादाच्या अंगावरनं वारं गेलं, हे त्याला माहीत होतं. दादा रोज आपला जवाब वाजवतोय, हे माहीत न्हवतं.

*

शेवटाला वहिनीच उठल्या. थंडीचे दिवस होते, दुपारची वेळ. म्या अन् गफूर मास्तरांजवळ ओट्यावर बसलेलो. वहिनी गल्ली ओलांडून गेल्या अन् उत्तमच्या कानाला तोंड लावून ओरडल्या, "दादानं बोलावलंय!"

दादानं काही बोलावलं न्हवतं. दादाला बोलताच येत न्हवतं.

उत्तम आला. चपला काढल्या, मास्तरांच्या पाया पडला. मास्तर दुसरीकडं बघत राहिले. वहिनींनी उजवीकडच्या बेंजोवरचं फडकं काढलं अन् उत्तमला तिथं बसवलं.

मास्तरांनी जवाब सुरू केला. उत्तमनं तार छेडायची पट्टी शोधली, घरात कुठं असणार? मंग दादाचं बघून त्यानंबी टिचक्या मारायला सुरुवात केली. तोबी जवाबच वाजवायला लागला. सवयच ती. दोन्हीकडनं एकच आलं, एकमेकांवर आदळलं. मास्तरांनी हात उचलला. उत्तमनं त्या हाताकडं बघितलं. मास्तरांनी पुन्हा जवाब वाजवला, सावकाश, त्याला बोटं दिसतील असा. अन् सवालाची जागा आली तसे थांबले. त्याच्याकडं बघत थांबले.

उत्तमला कळलं. त्यानं सवाल टाकला.

पुढं म्या काय सांगू? त्याला स्वतःचा सूर ऐकू येत न्हवता, मधी-मधी बोट चुकत होतं. पण तो खाली मान घालून वाजवत होता, अन् नजर वर उचलायचा ती फक्त दादाच्या बोटांवर. मास्तर एकेका सवालाला जवाब देत होते. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

अन् लाईट गेली.

मशीन बंद. आवाज एकदम तुटला. मास्तरांचा हात थांबला. उत्तम सवाल वाजवतच होता, त्याला काय कळणार? गफूर त्याच्या खांद्याला हात लावायला उठला. मास्तरांनी गफूरकडं असे डोळे वटारले की तो अर्ध्यातच खाली बसला.

मंग मास्तरांनी डावा हात पुन्हा बटणांवर ठेवला अन् जवाब दिला.

बटणांची टकटक तेवढी येत होती. इकडनं टकटक, तिकडनं टकटक. गल्लीतलं एक माणूस हललं न्हाय. गाणं पुरं झालं.

उत्तमनं डोळे पुसले. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठाच असतो, त्या आवाजात म्हणला, "दादा, ह्या बारीला तरी सुरात झालं का?"

मास्तरांनी हो म्हणून मान हलवली. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. लाईट आली ती दिवेलागणीला.