आठशे मीटरचं गाणं

पहाटे साडेपाचला आचल इअरफोनची वायर वेणीखालून घ्यायची, टी-शर्टच्या आतून कमरेपर्यंत सोडायची आणि गळ्याशी सेफ्टीपिन लावायची. मग मोबाइल ओढणीनं कमरेला आवळायची. रोज तसंच. पिन लागली की नाचणगावात भाजी विकणारी पोर मागं राहायची, पोलीस भरतीची पोर पुढं निघायची.

तिचे वडील मधुकरराव तिला पोरांसोबत मैदानावर पाठवायला तयार नव्हते. गल्लीतला चंदन तेव्हा शारीरिक शिक्षणात पीएचडी करत होता. तोच घरी येऊन बसला. "काका, जबाबदारी माही." जीव तोडून पळताना गाणं ऐकलं तर कोणाला किती फरक पडतो, हे त्याला तपासायचं होतं, सहा पोरांवर, सहा पोरींवर. ज्याच्या त्याच्या आवडीचं गाणं त्यानं मोबाइलमध्ये भरून दिलं. दर सोमवारी तो तेच गाणं पुन्हा भरायचा. "आवाज साफ केला," म्हणायचा.

पोरांच्या वेळेत फारसा फरक पडेना. पोरी मात्र सुटल्या. आचलचे आठशे मीटर तीन मिनिटं दहा सेकंदांवरून दोन अठ्ठेचाळीसवर आले.

"तुले गाणं पळवते, आमाले घरचे," अंकित चिडवायचा. तोही भरतीचाच.

"तू पळतंच कुठी? तू त मैदान मोजून राह्यला."

भरतीला महिना उरला तेव्हा तिनं चंदनला विचारलं, "दादा, तिथी कानात काही घालू देत नाईत. आता बिनगाण्याचं पळू का?"

"मधातच सोडू नको. पाय शिकले की गाणं आपोआप वाजते डोक्यात."

तिनं ऐकलं.

भरतीच्या दिवशी वर्ध्याच्या मैदानावर पहिल्याच वळणाला कानात फक्त स्वतःचा श्वास होता, फाटका, बेताल. पाय कधी टाकायचा तेच कळेना. तीन मिनिटं चार सेकंद.

परतताना काळीपिवळी टॅक्सीत तिचं तेच गाणं लागलं. किती संथ. "स्पीकर खराब हाये का?" तिनं शेजारी बसलेल्या अंकितला विचारलं.

"बरोबर त वाजून राह्यलं."

तिनं आपल्या मोबाइलवरचं लावलं. अंकितनं एक इअरफोन कानात घातला आणि काढला. "हे काय? पाठीमागं कुत्रं लागल्यासारखं."

तशीच ती कॉलेजच्या मैदानावर गेली. चंदन शिटी पुसत होता.

"गाण्याचा ठेका वाढवला तुमी?"

"दर आठवड्याले, थोडा थोडा. सांगितलं असतं त निकाल बिघडला असता ना."

"कोणाचा?"

त्यानं शिटी खिशात टाकली. मग हळूच म्हणाला, "पोरींचा आलेख किती सुंदर आला, तुले दाखवतो एकदा."

"अन् मी विचारलं होतं, तेव्हा?"

"एक महिना बाकी होता आचल. माह्या प्रबंधालेही."

लेखी परीक्षेच्या यादीत तिचं नाव नव्हतं. दोन गुणांनी हुकलं. चंदनच्या घरासमोरून जायचा रस्ता तेवढा मधुकररावांनी सोडला. आचलनं पळणं बंद केलं. पाय अजून आपल्या मनानं पळतात की नाही, हे तिला कधी तपासावंसं वाटलं नाही.

गुरुवारी पुलगावच्या बाजारात ती वांग्यांवर पाणी शिंपडत होती. चंदन समोर येऊन उभा राहिला. हातात स्टॉपवॉच, चेहरा उतरलेला.

"एकच टेस्ट राह्यली. बिनगाण्याची. तुह्या आकड्याशिवाय पोरींचा गट अधुरा राहते."

तिनं मान वर केली. त्याच्या मागं एक बाई पिशवी उघडून उभी होती.

"बाजूले व्हा जरा, दादा. गिऱ्हाईक आलं."