सिंगल्सचे दोन टेकू

पट्टीकाका भित्रे होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुत्र्याला भ्यायचे, विजेच्या बटणाला भ्यायचे, जावयाला तर फारच भ्यायचे. टेनिस क्लबात त्यांनी एकतीस वर्षं कोर्टांची देखभाल केली, आणि त्या एकतीस वर्षांत तीन फुटांची लाकडी पट्टी त्यांच्या काखेतून कधी सुटली नाही. नेट मधोमध बरोबर तीन फूट उंच हवं. काका ते सकाळी मोजत, दुपारी मोजत, आणि घरी निघाले की फाटकातून परत फिरून पुन्हा मोजत. "अहो काका, नेट काय चालतं-फिरतं का?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "चालत नाही. पण खचतं." हसणारे हसायचे. काकांना मात्र त्यात हसण्यासारखं काहीच दिसत नसे.

क्लबात दरवर्षी एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा व्हायची. आता टेनिसची उतरंड ठाऊक नसेल तर ऐका. चार मोठ्या स्पर्धा सगळ्या जगाला माहीत असतात, त्यांचं सोडा. त्यांच्याखाली हजारी. जिंकणाऱ्याला हजार गुण, म्हणून हजारी. तिच्याखाली पाचशेवाली, आणि तिच्याखाली अडीचशेवाली. तिच्याही खाली स्पर्धा असतात, पण तिथे खेळाडूला टॉवेलसुद्धा घरून आणावा लागतो. आमच्या क्लबाची अडीचशेवाली. म्हणजे मोठ्यांत शेवटची आणि लहानांत पहिली. बडे खेळाडू तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. चुकून आलेच तर मोठ्या स्पर्धेआधी हात मोकळा करायला यायचे, आणि दुसऱ्या फेरीनंतर अचानक मनगट दुखू लागलं की विमान पकडायचे.

काकांना एकदा हजारीचं कोर्ट बघायला पाठवलं होतं. काय ती ड्रेसिंग रूम, काय त्या खुर्च्या! तिथला देखभालवाला त्यांच्याच वयाचा, त्याच्याही काखेत पट्टी. काका हौसेने पुढे होऊन बोलायला गेले. त्याने विचारलं, "तुमची कोणती?" काका म्हणाले, "अडीचशे." तो "अच्छा" म्हणाला आणि वळून कामाला लागला. त्या एका 'अच्छा'ने काका आठवडाभर नीट जेवले नाहीत. घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "मेला शिष्ट! त्याचं नेट काय आभाळाला टेकलंय का?"

आणि आता तर ती अडीचशेही जायची वेळ आली होती. दुसऱ्या एका शहराने नवं कोरं स्टेडियम बांधलं होतं आणि त्यांना कॅलेंडरमधला आमचा आठवडा हवा होता. संघटनेचा निरीक्षक फायनल बघायला येणार होता. त्याने अहवालात वाईट लिहिलं की स्पर्धा गेली. मग क्लबात उरणार काय? संध्याकाळी पोट कमी करायला खेळणारे वकील आणि डॉक्टर. काकांची एकतीस वर्षं त्या एका आठवड्यासाठी होती. तोच गेला तर पट्टी घेऊन मोजायचं तरी काय, असं त्यांना वाटे.

फायनलच्या सकाळी चहाचा कप हातात तसाच धरून काका दुसऱ्या हाताने तिसऱ्यांदा पट्टी पुसत होते.

"अहो, निरीक्षक माणूसच आहे ना?" काकू म्हणाल्या. "तुम्हाला खाणार तर नाही."

"माझ्या हातून काहीतरी होणार बघ."

"एकतीस वर्षांत झालं नाही ते आजच होणार?"

"म्हणूनच तर!" काका म्हणाले, आणि कप तसाच ठेवून निघाले.

आधी डबल्सची फायनल, मग त्याच कोर्टावर सिंगल्सची, हा क्लबाचा नेहमीचा क्रम. या दोन सामन्यांच्या मध्ये एक छोटंसं काम असतं. नेटचे खांब डबल्सच्या रुंद कोर्टाच्या हिशेबाने उभे असतात. सिंगल्सचं कोर्ट अरुंद. म्हणून सिंगल्सच्या रेषेपासून तीन फुटांवर, दोन्ही बाजूंना, नेटच्या दोरीखाली एकेक लाकडी टेकू उभा करतात. टेकू नसला तर कडेला नेट दोन बोटं खाली राहतं. दोन बोटं म्हणजे काय, असं वाटेल. पण रेषेला घासून सरळ मारणाऱ्याला दोन बोटं म्हणजे मोकळं मैदान.

हे टेकू काकांशिवाय कुणी लावायचे नाहीत. फार पूर्वी कुणीतरी एक टेकू वीतभर आत लावला होता, तेव्हापासून काकांनी कानाला खडा लावला. दुसऱ्या कुणाला ते हातच लावू देत नसत. त्यामुळे झालं असं की दुसरं कुणी बघायचंही बंद झालं. पंचसुद्धा बघत नसत. काकांनी लावले म्हणजे लागलेच!

त्या दिवशी डबल्स संपलं. काका दोन्ही टेकू घेऊन उठले, एवढ्यात निरीक्षक कोर्टावर आला. उंच, टापटीप, हातात वही. "जरा नेट मोजून दाखवता?" एवढंच म्हणाला. टेकू स्टुलाखाली सरकवून काका धावले, गुडघ्यावर बसले, पट्टी लावली. बरोबर तीन फूट. "छान," निरीक्षक म्हणाला, आणि त्याने वहीत काहीतरी टिपलं. काकांचा जीव भांड्यात पडला. इतका पडला की ते तसेच माघारी आले आणि स्टुलावर बसून घाम पुसू लागले.

सामना सुरू झाला. एका बाजूला एक तरणाबांड डावखुरा, रेषेवरून सरळ फटके मारण्यात वस्ताद. दुसऱ्या बाजूला छत्तीस वर्षांचा एक खेळाडू, त्याला क्लबात सगळे बुजुर्ग म्हणत. तो इथे अकराव्यांदा आला होता. हजारीत त्याला कुणी दारात उभं करत नसे, पाचशेवालीत पात्रता फेरीतच बाद व्हायचा. इथे मात्र त्याला थेट प्रवेश मिळे. उभ्या आयुष्यात त्याने एकही स्पर्धा जिंकली नव्हती. फायनलला पोचला तोही पहिल्यांदाच. ज्या अडीचशेला बडे लोक नाक मुरडायचे, ती या माणसाला एकदा हवी होती, बस्स.

पाचव्या गेममध्ये काकांचा पाय स्टुलाखाली कशाला तरी लागला. त्यांनी वाकून बघितलं. दोन टेकू.

आधी त्यांना कळेचना, हे इथे कसे. मग कळलं, आणि तोंडचं पाणी पळालं. समोर नेट कडेला खाली गेलेलं, आता त्यांना दुसरं काही दिसेचना. डावखुऱ्याचा सरळ फटका नेटच्या वरच्या कडेला घासून पलीकडे पडला. टेकू असता तर तो नेटात अडकला असता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुजुर्ग एक क्षण नेटकडे बघत उभा राहिला आणि मग मुकाट्याने जागेवर गेला.

पाचवा गेम संपला, खेळाडू बाजू बदलायला खुर्च्यांवर बसले. ऊठ, काकांनी स्वतःला बजावलं. ऊठ आणि सांग. पहिल्या रांगेत निरीक्षक बसला होता, वही मांडीवर. उठलो तर सगळ्या जगासमोर कळणार की या क्लबाला नेटसुद्धा बांधता येत नाही. तो ते लिहिणार. स्पर्धा जाणार, आणि कुणामुळे? पट्टीकाकांमुळे! पाय उचलेचनात. नव्वद सेकंद संपले, खेळाडू उठले.

सातव्या गेमनंतर ते पुन्हा बसले. काकांनी टेकू हातात घेतले आणि परत खाली ठेवले. कुणालाच दिसलेलं नाही, त्यांनी मनाशी म्हटलं, तासाभराचा प्रश्न आहे. नवव्या गेमनंतर तर त्यांनी डोळेच मिटून घेतले. तीनदा खेळाडू बसले आणि तीनदा काका उठले नाहीत.

दहाव्या गेममध्ये डावखुऱ्याने तसेच दोन फटके मारले आणि सेट सहा-चार असा घेतला. बुजुर्ग खुर्चीत बसला, डोक्यावर टॉवेल ओढून. त्याचे खांदे काकांना दिसत होते. आणि मग काय झालं ते काकांना पुढे कधी नीट सांगता आलं नाही. ते उठले होते. दोन हातांत दोन टेकू, आणि ते भर कोर्टावर चालत निघाले होते.

पंच खुर्चीवरून जवळजवळ पडलाच. निरीक्षक खाली धावला.

"हे कसं झालं?"

"मी विसरलो."

"कधी लक्षात आलं तुमच्या?"

आत्ता, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. काकांची बोबडी वळली होती. "पाचव्या गेमला," ते म्हणाले. चार हातांवर बुजुर्ग बसला होता. टॉवेल जरासुद्धा हलला नाही.

निरीक्षकाने नियम सांगितला. झालेले गुण कायम, टेकू लावा, खेळ पुढे. काकांनी टेकू लावले. दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट मोजून. दुसरा सेट बुजुर्गने घेतला. तिसरा सात-पाच असा त्याच्या हातून गेला.

बक्षीस समारंभानंतर निरीक्षक काकांना बाजूला घेऊन गेला. काकांना वाटलं, आता संपलं. तो इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "हे फार कुणाजवळ बोलू नका. तासभर पहिल्या रांगेत मीही बसलो होतो ना." त्याच्या अहवालात नेटबद्दल पुढे एकच शब्द आला: 'छान'.

काका सामानाच्या खोलीत नेट गुंडाळत होते तेव्हा दारात बुजुर्ग येऊन उभा राहिला, खांद्यावर बॅग.

"मार मला," काका म्हणाले. "शिव्या दे. काहीतरी बोल."

"मला दुसऱ्याच गेमला दिसलं होतं, काका."

काकांच्या हातातलं नेट खाली पडलं. "मग बोलला का नाहीस? अरे, तुझी फायनल होती!"

"तो वहीवाला समोर बसला होता. ही स्पर्धा गेली तर मी खेळू कुठे?" तो थोडा हसला. "म्हटलं, पुढच्या वर्षी जिंकू. पण पुढचं वर्ष तर असायला हवं."

काकांना रडू फुटलं. रडताना त्यांना एवढंच म्हणता आलं, की पुढच्या वर्षी टेकू सकाळपासून लावून ठेवतो, डबल्स गेलं खड्ड्यात.

स्पर्धा राहिली. कॅलेंडरमध्ये आठवडा तोच, गुण तेवढेच, अडीचशे. पुढच्या वर्षी खेळाडूंची यादी आली तेव्हा काका चष्मा विसरले होते, म्हणून घरी नेऊन काकूंना वाचायला लावली. काकूंनी वरपासून खालपर्यंत सगळी नावं वाचली.

"पुन्हा वाच," काका म्हणाले.

काकूंनी पुन्हा वाचली. मग पात्रता फेरीची वाचली. मग कागद घडी करून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "नाही हो. गुडघ्यामुळे खेळणं सोडलं म्हणे त्याने, पेपरात आलं होतं."

काकांनी कागद उचलून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते क्लबात गेले, नेट बांधलं, आणि दोन्ही टेकू लावले. स्पर्धेला अजून अकरा दिवस होते.