मावशी कळसूबाई चढतात

“थांबलं की वझं वाढतं,” असं म्हणत आमच्या मावशी चहासुद्धा उभ्यानं प्यायच्या. तेलगावजवळच्या मुलींच्या वसतिगृहात मी अधीक्षिका आणि त्या स्वयंपाकीण. मुलींचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. मावशींनीही अर्धं आयुष्य ऊस तोडला होता.

तुम्ही उसाचा ट्रक भरताना पाहिला असेल. जमिनीवरून ट्रकापर्यंत एक अरुंद फळी लावतात आणि बाया डोक्यावर मोळी घेऊन तिच्यावरून चढतात. मावशींची चाल त्या फळीवरच घडलेली. मान ताठ, नजर पायाशी आणि वेग असा की बाजारातून सोबत निघालेला भाजीवाला मागं पडायचा.

थंडीत मुलींची सहल कळसूबाईला निघाली. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. मी सांगितलं, “मावशी, तुम्ही पायथ्याला थांबा. स्वयंपाकाचं बघा.”

“कावून? ट्रकावर सारा जलम चढले, बाई. वर गेलं की मोळी टाकायची अन् लगी खाली. वरून काय दिसतं ते एकदा तरी बघू द्या की.”

मी पिठलं-भाकरी बांधून घेतली आणि मावशींनाही बरोबर घेतलं.

त्या सगळ्यांच्या पुढं निघाल्या. पोरी ओरडायच्या, “मावशे, दम खा गं!” त्या वळूनही बघायच्या नाहीत. शेवटच्या लोखंडी शिडीपाशी मी त्यांना गाठलं, तेव्हा ओठ पांढरे पडले होते. तरीही एक पाय पायरीवर होताच.

“बसा.”

“फळीवर बसत न्हाईत, बाई. मागचीच्या डोक्यावर वझं असतंय. आपण थांबलो की ती पडती.”

“मागं मी आहे. माझ्या डोक्यावर काही नाही.”

त्यांनी खरंच वळून माझ्या डोक्याकडे पाहिलं.

“बसले तर खाली धाडाल.”

“नाही बसलात तर धाडीन.”

मग बसल्या. आधी उकिडव्या, मग मांडी घालून. वरून येणारी माणसं वळसा घालून गेली. कोणी पडलं नाही. मावशी प्रत्येकाला निरखत होत्या. पाणी प्यायल्या, गूळ खाल्ला आणि रंग परतल्यावर शिडी चढल्या. सावकाश, कठडा धरून.

वर देवीला हात जोडले आणि कड्यापासून अंतर ठेवून बसल्या. खाली डोंगरामागे डोंगर होते. पोरींनी फोटोसाठी हाका मारल्या, त्या उठल्या नाहीत. उतरायची वेळ झाली, तेव्हा मी मुलींना सोबत आलेल्या दुसऱ्या बाईंबरोबर पुढं पाठवलं आणि मावशींच्या शेजारी बसले. मला असं नुसतं बसायची सवय नाही; पण त्या दिवशी बसले.

पुढच्या वर्षी त्या लेकीकडे नाशिकला राहायला गेल्या. आता नव्या बाई आहेत. स्वयंपाक बरा करतात.

परवा मावशींचा फोन आला. “बाई, साल्हेर करून आले! कळसूबाईच्या खालोखाल तोच म्हंत्यात.”

“दमलात का?”

“दमले की!” त्या तोऱ्यात म्हणाल्या. “लई जागी बसले.”