किल्ली फिरेना: वरंध, महाड, पोलादपूर आणि आत्याचा डोळा

आत्याला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महाडला न्यायचं ठरलं तेव्हा बाबा म्हणाले, "आपली गाडी आहे की." या एका वाक्याने माझं जेवढं नुकसान केलंय तेवढं दुसऱ्या कशानेही केलेलं नाही. गाडी अठ्ठ्याऐंशी सालची, म्हणजे आता एकोणीस वर्षांची. इंजिन ठणठणीत, सीट चांगल्या, फक्त किल्ली लावायच्या भोकात भूत शिरलेलं. किल्ली कधी फिरते, कधी नाही. बाबांना यात काही वावगं वाटत नाही, कारण त्यांच्या मते दोन थेंब खोबरेल घातलं की जगातली कुठलीही वस्तू चालते. आमच्या फाटकाची कडी, शिलाई मशीन, पंखा, माझी सायकल, सगळं त्यांनी खोबरेलावर वाढवलंय.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. पोलादपूरहून आत, उमरठच्या वर एका वाडीत एकटी राहते. दोन म्हशी आणि थोडी भातशेती आहे, मुलगा मुंबईत असतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुंबईचे डॉक्टर महिन्यातून एका शनिवारी महाडच्या दवाखान्यात येतात. आत्याने आधी दोनदा नंबर लावून दोनदा टाळला होता. एकदा म्हैस व्यायला झाली म्हणून, दुसऱ्यांदा काहीच कारण न देता. खरं कारण आम्हाला माहीत होतं. वाडीतल्या एका बाईचा डोळा ऑपरेशननंतर कायमचा गेला होता. या वेळी डॉक्टरांनी निरोप पाठवला होता की आता टाळलं तर पिकून फुटेल आणि मग हातात काही उरणार नाही. म्हणून शनिवारी सकाळी दहाच्या आत आत्या महाडमध्ये पाहिजे होती, काहीही करून.

शुक्रवारी सकाळी सहाला पुण्याहून निघालो. कापूरहोळला वळून भोरला चहा आणि मिसळ. तिथे बाबांना आठवलं की डोक्याला लावायच्या तेलाची बाटली घरीच राहिली. "दोन दिवस तेलाशिवाय कुणी मरत नाही," मी म्हटलं. गाडीत बसले तर किल्ली फिरेना. पाच मिनिटं मी ती हलवतेय, बाबा शेजारी बसून "हळू, हळू" म्हणतायत. हळू म्हणणाऱ्या माणसाला गाडीतून उतरवायचा कायदा हवा.

भोरनंतर रस्ता धरणाच्या कडेकडेने जातो. जानेवारीत पाणी भरपूर आणि गवत सोनेरी असतं. रस्ता अरुंद आहे, डांबर मधूनमधून उखडलंय, पण गर्दी नाही. वरंध घाटात वाघजाईपाशी भजीची दुकानं आहेत, तिथे थांबाच. दहा रुपयांत कढईतली गरम कांदाभजी मिळते आणि समोर सगळं खोरं उघडं पडतं. माकडांपासून प्लेट सांभाळा. मी गाडी चालूच ठेवून उतरले, कारण बंद करायची हिंमत नव्हती. भजी हातात घेतली आणि पाहते तर किल्ली माझ्या दुसऱ्या हातात. इंजिन मात्र सुरू.

"ही बाहेर कशी आली?" मी विचारलं.

"सवयीने काढली असशील," बाबा म्हणाले.

"गाडी चालू असताना किल्ली निघतच नाही, बाबा."

"आपली निघते," ते म्हणाले. त्यात थोडा अभिमानही होता.

घाट उतरून शिवथरचा फाटा लागला तेव्हा बाबा रामदासांची घळ बघू म्हणाले. तुमच्याकडे नीट बंद होणारी आणि नीट सुरू होणारी गाडी असेल तर जरूर बघा. मी वाकडी वाट न करता महाड गाठलं, दवाखान्यात आत्याचं नाव पक्कं केलं आणि नाक्यावर गाड्यांचं वायरिंग करणारे दाऊदभाई आहेत, त्यांच्याकडे गेले. साठीचा माणूस, चष्मा कपाळावर. त्यांनी किल्ली दोनदा फिरवली आणि मला शाळेत बसवल्यासारखं समजावलं.

"ताई, लॉक वेगळा, स्विच वेगळा. किल्ली जाते तो लॉक, त्याच्या पाठीमागं वायरी लागतात तो स्विच. किल्ली फिरते पण काय होत नाय, तर स्विच बघायचा. किल्लीच फिरत नाय, तर लॉक. तुमचा लॉक गेला. आतल्या पत्त्या झिजल्या."

"मग आता?"

"नवीन मुंबईसनं मागवावा लागंल. नाय तर लॉक काढून बटन लावतो. दोन तास लागतील."

तीन वाजले होते, पुढे दीड तासाची वाट होती आणि मला उजेडात वाडीवर पोहोचायचं होतं. उद्या आत्याला दवाखान्यात सोडलं की येते, असं मी म्हणाले. ही माझी चूक, लिहून ठेवते. निघताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. स्टिअरिंग अडकलं तर ते किंचित हलवत किल्ली फिरवायची, जोर करायचा नाही. आणि घालायचीच तर पेन्सिलच्या शिशाची पूड घालायची. "तेल घालू नका. थंडीत गोठतं, पत्त्या जागच्या जागी धरून बसतात. मग ब्रह्मदेव आला तरी फिरणार नाय."

पोलादपूरपर्यंत हायवे, ट्रकच्या मागे ट्रक. तिथून आत वळलं की मात्र रस्ता एकटा होतो. उमरठच्या पुढे तर समोरून आलेली शेवटची गोष्ट म्हणजे बैलगाडी. वाडीला पोहोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. आत्या ओट्यावर बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून गाडीच्या दिशेने पाहिलं आणि "बाळू आला काय रं?" असं बाबांऐवजी मला विचारलं. बाळू म्हणजे बाबा.

कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि ताक असं जेवता जेवता मी सगळा राग बाहेर काढला. दाऊदभाईंचं तेलाबद्दलचं वाक्य तर मी बाबांकडे बघत तीनदा म्हटलं. बाबा भाकरी मोडत होते. आत्याने फक्त एवढंच विचारलं, "म्हंजे तेल घातलं तं गाडी चालूच व्हायाची नाय?"

"नाहीच," मी म्हटलं. "म्हणून तर सांगतेय यांना."

शनिवारी सकाळी सात वाजता हाडं गोठवणारी थंडी. आत्या नवं लुगडं नेसून तयार. मी गाडीत बसले, किल्ली घातली. अर्धी गेली, पुढे जाईना. काढली, पुसली, घातली. गेली, पण फिरेना. स्टिअरिंग हलवत फिरवली, तरी नाही. ढकलून सुरू करायचा प्रश्नच नव्हता, स्टिअरिंगला कुलूप. साडेसहाची एसटी गेलेली, माणसं भरून नेणारी वडापची जीप नऊला. मोबाइलला रेंज नाही.

"ऱ्हाऊ दे गो," आत्या ओट्यावरून म्हणाली. "देवाच्या मनात नाय. म्होरल्या महिन्यात बघू."

पुढचा महिना येणार नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी किल्ली नाकापाशी नेली. खोबरेल. दातांत पांढरं मेणासारखं काहीतरी भरलेलं. मी बाबांवर जी ओरडले तशी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. कालच सांगितलं होतं ना, लहान आहात का, तिचा डोळा गेला तर त्याचं पाप कुणाच्या माथी, सगळं बोलले. शेजारच्या घरातली माणसं गोठ्यातून बाहेर येऊन बघायला लागली.

बाबा खाली बघत म्हणाले, "मीच घातलं असेल. सवय आहे."

चुलीपाशी आत्याची तेलाची बाटली गरम राखेत उभी होती. हिवाळ्यात इथे रोज सकाळी तेल असंच पातळ करून केसांना लावतात. ती बाटली दिसली आणि डोकं चाललं. सांडशीत धरून किल्ली निखाऱ्यावर तापवली, पळत जाऊन भोकात घातली, तेल वितळून ओघळलं ते चिंधीने पुसलं, परत चुलीकडे. असं नऊ वेळा. बाबा चिंधी धरून उभे होते. दहाव्या वेळी स्टिअरिंग डावीकडे किंचित ओढलं आणि किल्ली फिरली. तोपर्यंत आठ वाजून गेले होते. आत्या मागे बसली, बाबा तिच्या शेजारी. महाडपर्यंत तिने त्यांचा हात सोडला नाही. पावणेदहाला आम्ही दवाखान्यात होतो.

ती आत असताना बाबा आणि मी गाडी दाऊदभाईंकडे नेली. त्यांनी लॉक काढून फडक्यावर उलटा केला. "एवढं तेल? वाटीनं वतलं काय?" मी बाबांकडे बोट दाखवलं. दाऊदभाईंनी मान हलवली. बटन लावायचे साडेतीनशे रुपये झाले. महाडात लॉजवर दोन रात्री राहिलो, मासे उत्तम मिळतात, आणि त्या दोन दिवसांत मी बाबांशी कामापुरतंच बोलले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डोळा छान होता. औषधाचे थेंब नीट पडावेत म्हणून आत्याला पुण्यालाच आणलं. म्हशी शेजारणीकडे.

परवा दुपारी मी तिच्या डोळ्यात थेंब घालत होते. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "बाळू लय म्हातारा झाला गो. मला दिसतच नव्हता." आणि गालावर ओघळलेला थेंब पदराने टिपत, "त्याला बोलू नको. तेल मी वतलं. तू मोरीत हात धुवाया गेलीस तवा. मला भ्या वाटत व्हतं."

मी अंगणात गेले. बाबा पेपर वाचत होते. "तुम्हाला माहीत होतं?"

"माझी बाटली इथेच राहिली होती की," ते म्हणाले. "भोरला सांगितलं होतं तुला."

"मग बोलला का नाहीत? मी सगळ्या वाडीसमोर..."

"तू तिच्यावर ओरडली असतीस तर ती गाडीत बसली असती का?"

सगळा प्रवास डोळे उघडे ठेवून मी केला होता आणि समोरचं काही मला दिसलं नव्हतं.

गाडी आता बटनावर सुरू होते, पहिल्या दाबात. तुम्ही जुनी गाडी घेऊन या बाजूला जाणार असाल तर लॉक आधी दाखवून घ्या आणि शिशाची पूड जवळ ठेवा. आज सकाळी बाबा वाटीत खोबरेल घेऊन फाटकाच्या कडीपाशी उभे होते. माघाची थंडी, तेल गोठलेलं. मी त्यांच्या हातातून वाटी घेतली, गॅसवर कोमट केली आणि परत नेऊन दिली.