बाईंची चूक

“अगं आई, गप्प बसले म्हणूनच हाकलायला निघाल्यात मला!”

“म्हणजे उलटं बोलली असशील काहीतरी. तुझं तोंड मला माहीत नाही का?”

“नाही गं! एक शब्द बोलले नाही. तोच गुन्हा झाला.”

“गप्प बसायचा गुन्हा? कुठल्या जगात गं तू?”

“तेच तर सांगतेय मघापासून.”

फोनच्या त्या टोकाला आई ओट्यापाशी उभी असावी, कढईत उलथणं आपटत होतं. या टोकाला तोफ प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यावर बसली होती. मांडीवर डबा, डब्यातला भात गार.

तोफ हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. सातवीत असताना तिनं सुट्टे पैसे परत न देणाऱ्या कंडक्टरला भर बसमध्ये असा झाडला की तो पुढच्या थांब्यावर स्वतःहून हात जोडून उभा राहिला. त्या संध्याकाळी बापानं हे नाव ठेवलं, ते चिकटलं. वाणी, चुलतभाऊ, वायरमन, सगळ्यांनी तिचा मारा खाल्लेला. पण हीच तोफ शाळेच्या दारातून आत गेली की बार उडायचा बंद. गुरुजींनी एकदा घाईत फळ्यावर नऊ साते बासष्ट लिहिलं. अख्ख्या वर्गाच्या वहीत बासष्ट उतरलं. हिच्याही. घरी बापानं विचारलं, “हे काय गं?” तर म्हणाली, “गुरुजींनी लिहिलंय.” बाप पुढं काही बोलला नाही. शिकवणाऱ्याची चूक काढायची नसते, एवढं शिक्षण घरात सगळ्यांचं झालेलं होतं.

ती शिकायला गेली ती बियाण्याचं शास्त्र. घरी कांद्याची रोपं तयार करून विकायचा धंदा, त्यामुळं वाफ्यातलं कुठलं रोप धरेल आणि कुठलं माना टाकेल, हे ती चालता चालता सांगायची. परदेशात तिच्या वाट्याला आलं नऊ वर्षं थंड खोलीत जपून ठेवलेलं कांद्याचं बी. इतक्या वर्षांनी त्यातलं किती जिवंत राहतं, हे शोधायचं. ओल्या कागदावर चिमट्यानं शंभर शंभर दाणे मांडायचे, उगवणीच्या कपाटात वीस अंशांवर ठेवायचे आणि बाराव्या दिवशी मोजायचे. काम सोपं. चुकायला जागा कमी.

जागा कमी असली तरी चूक शिरतेच. तिच्या मार्गदर्शक बाईंनी कपाट धुऊनपुसून पुन्हा चालू केलं आणि वीसच्या जागी तीसवर ठेवलं. कांद्याच्या बियाला तीस म्हणजे भट्टी. तोफेला पहिल्याच दिवशी आकडा दिसला. दुसऱ्या दिवशी दिसला. रोज कपाट उघडायचं, तीस बघायचं, बंद करायचं. केस पांढरे झालेल्या बाई आहेत, मनात काहीतरी हिशेब असेल, आपण कोण विचारणारे?

बाराव्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी कपाटाजवळ गेला. ताडमाड उंच, तोफेनं मनातल्या मनात त्याचं नाव बांबू ठेवलं होतं. तो तिथूनच ओरडला, “तीस? हे कुठल्या शहाण्यानं केलं?”

“मी,” बाई म्हणाल्या. “चूक माझी.” मग तोफेकडं वळल्या. “तू रोज उघडत होतीस ना? दिसलं नाही?”

“दिसलं.”

“कधी?”

“पहिल्या दिवशी.”

बाईंनी कपाटाचा आकडा वीसवर आणला.

“मला वाटलं, तुमचं काहीतरी कारण असेल,” तोफ म्हणाली.

नऊ वर्षांपूर्वी त्या बियाण्याची तीन पाकिटं भरलेली. एक गेल्या वर्षी वापरलं, दुसरं हे असं भाजून निघालं. उरलं एक. बाई ओरडल्या असत्या तर तोफेला बरं वाटलं असतं, मान खाली घालून ऐकायची सवय होती. त्या साध्या आवाजात म्हणाल्या, “बी वाया गेलं ते माझ्यामुळं. बारा दिवस वाया गेले ते तुझ्यामुळं. तीन आठवड्यांनी तुझं परीक्षण आहे. तुला पुढं ठेवायचं की घरी पाठवायचं, त्या कागदावर सही माझी लागते. चूक दिसूनही गप्प बसणाऱ्या माणसाच्या हातात मी शेवटचं पाकीट देणार नाही आणि सहीही करणार नाही. उद्यापासून रोज सकाळी माझी एक चूक सांगायची. सगळ्यांसमोर.”

एवढं ऐकून झाल्यावर तोफेनं जिन्यावरून घरी फोन लावला होता. आईनं सगळं ऐकलं आणि कढई खाली उतरवली.

“तुला तिकडं पाठवली ती शिकायला, शिकवायला नव्हे. मोठ्या माणसाच्या चुका काढत फिरणार तू?”

“नाही काढल्या तर परत यावं लागेल.”

“मग ये. इथं काय उपाशी ठेवणार आहोत?”

“नाही येणार,” तोफ म्हणाली. आईशी बोलताना तोफ तोफच असायची. “हे बी मोजूनच येणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. तोफ उभी राहिली. बराच वेळ इकडं तिकडं बघून ती म्हणाली, “तुमचा स्वेटर उलटा आहे.”

बाईंनी वाकून बघितलं. खरंच शिवण बाहेर होती. “आहे,” त्या म्हणाल्या, “पण त्यानं बी उगवायचं थांबत नाही. उद्या कामातली.” आणि दिवसभर तो स्वेटर तसाच उलटा घालून फिरल्या.

बांबू हसून लोळायचा बाकी होता. “यात अवघड काय आहे? मी रोज दहा काढतो.”

“तू काढशीलच. तुला घरी कुणी वळण लावलं नाही.”

“आणि तुला?”

“मला जास्तीच लावलंय.”

पण तिनं कंबर कसली. वहीच्या मागच्या पानापासून बाई इतर बियाण्यांच्या कामात काय काय करतात ते लिहायला लागली: कागद किती वेळ भिजवतात, चिठ्ठीवर काय लिहितात, दार किती वेळ उघडं ठेवतात. ट्रे धुताना नळाकडं बघून “बाई, हे चुकलंय” असं पन्नास वेळा म्हणायची. नळ ऐकून घ्यायचा. बाई ऐकून घ्यायच्या नाहीत, तिथंच खरी पंचाईत होती. चिठ्ठीवर तारीख राहिली म्हटलं तर म्हणाल्या, ती मागच्या बाजूला आहे. दार फार वेळ उघडं होतं म्हटलं तर विचारलं, किती मिनिटं, मोजलंस का? मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून मोजलं, तेव्हा कुठं मान हलली. रोज सकाळी पाचावर धारण बसायची आणि रोज सकाळी ती उभी राहायची.

आठव्या दिवशी तिनं सांगितलं, “आज कागद जास्त ओला आहे.”

“कशावरून?”

तिनं कागदावर बोट दाबलं. बोटाभोवती पाण्याची कड उठली. “घरी वाफ्याची माती मुठीत दाबून बघतात. पाणी सुटलं तर त्या दिवशी बी टाकत नाहीत. दाणा गुदमरतो.”

बाईंनी स्वतःचं बोट दाबून बघितलं. “बरोबर. सगळे कागद निथळून घ्या.” शाबासकी नाही, काही नाही. सगळे कामाला लागले. तोफ हात धुवायला म्हणून बाहेर गेली आणि नळाला म्हणाली, “ऐकलंस?”

आईचा विरोध कायम होता, पण फोन आता तिचाच आधी यायचा.

“आज काय काढलंस?”

“कागद ओला होता.”

“आणि त्या रागावल्या नाहीत?”

“बरोबर म्हणाल्या.”

“बघ बाई. मी तुझ्या आजीला लग्नानंतर एकदाच म्हटलं, आमटीत मीठ जरा जास्त झालंय. दोन महिने अबोला धरला होता.”

मागून बापानं लेकीला विचारलं, “वाफ्यात पाणी जास्त झालं की माझ्या अंगावर धावून यायचीस, तेव्हा नाही वाटली भीती?”

“तुम्ही बाप आहात, बाई नाही!”

“म्हणजे माझी काही किंमतच नाही,” बाप म्हणाला आणि खुशीत खोकला.

परीक्षणाच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या खोलीत लांब टेबलामागं तिघं बसले: बाई, विभागप्रमुख आणि बाहेरून आलेले एक जाडजूड परीक्षक. बाईंच्या पुढ्यात तो कागद आणि पेन. तोफेनं आपलं काम सांगितलं. मग बाईंनी तुलनेसाठी गेल्या वर्षीच्या पाकिटाचा फोटो पडद्यावर लावला. शंभरातली एकसष्ट रोपं चांगली, असं खाली छापलेलं.

तोफ फोटोकडं बघत राहिली. सात रोपांच्या डोक्यावर बियाचं काळं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं होतं. घरी बाप असली रोपं उपटून टाकतो. बाईंनी ती चांगल्यात धरली होती, आणि तो आकडा बाईंच्या नावानं छापूनही आला होता. आज काही बोलायची गरज नव्हती. सकाळची चूक सांगून झाली होती. तीन आठवडे भरले होते. पेन बाईंच्या हातात होतं आणि समोर परका माणूस बसला होता.

“हा आकडा चुकलाय,” तोफ म्हणाली.

विभागप्रमुखांनी चष्मा काढला.

“कुठं?” बाईंनी विचारलं.

“टोपीवाली सात रोपं. ती चांगली नाहीत. चौपन्न पाहिजे.”

“ती चांगलीच आहेत. टरफल अडकलं म्हणून रोप वाईट होत नाही. आतलं पान सडलं असेल तरच.”

“आमच्याकडं उपटतात.”

“तुमच्याकडं रोप विकायचं असतं. इथं जिवंत आहे की नाही, एवढंच बघायचं असतं.”

दोघी टेबलाच्या दोन बाजूंनी भांडत होत्या. परीक्षक एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होते. शेवटी नियमांचं पुस्तक मागवलं. बांबू एका ढांगेत तीन-तीन पायऱ्या चढत ते घेऊन आला. पान उघडलं. बाई बरोबर होत्या.

तोफेनं पुस्तक ओढून घेऊन ते पान स्वतः वाचलं.

“चुकलीस,” परीक्षक म्हणाले.

“हो. चुकले.”

“पुन्हा असं काही दिसलं तर?”

“पुन्हा बोलेन. आधी पुस्तक बघेन, मग बोलेन.”

“नाही,” बाई मध्येच म्हणाल्या. “तू पुस्तक शोधत बसशील तोवर बी मरेल. आधी बोल. पुस्तक दोघी मिळून बघू.” एवढं म्हणून त्यांनी सही केली. सहीखाली एक ओळ लिहिली आणि कागद पुढं सरकवला. वाया गेलेले बारा दिवस भरून काढायचे, शेवटचं पाकीट हिच्या हातानं लावायचं, असं त्यात होतं.

खाली येईपर्यंत खिशात फोन वाजायला लागला.

“काय झालं गं?”

“राहिले.”

“म्हणजे चूक सापडली म्हणायची!”

“सापडली. माझीच. नंतर सांगते आई, पाकीट बाहेर काढून ठेवलंय.”

फोन बंद करून तिनं हात धुतले, कोरडे केले. भिजवलेला कागद ताटलीत पसरला, बोट दाबून बघितलं. मग पाकिटाची कड कात्रीनं कापली, दाणे पांढऱ्या बशीत ओतले आणि चिमट्यानं पहिला दाणा उचलून डावीकडच्या कोपऱ्यात ठेवला. शंभराच्या चार ताटल्या मांडायच्या होत्या आणि जेवायच्या सुट्टीला तासभर होता.