पेटी आधी पोचली

या सदरात येणारे अनुभव मी नियमित वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना हसतो. हडळ, चकवा, पिंपळावरचा मुंजा... आमचा चांदा जिल्हा सगळा जंगलाचा (तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत आणि गडचिरोली त्यातलाच एक तालुका होता), त्यामुळे असल्या गोष्टींना तिथे कधी तोटा नव्हता. पण मी आरागिरणीच्या यंत्रांवर आयुष्य काढलेला माणूस. पट्टा तुटला तर तो का तुटला हे सापडेपर्यंत मला जेवण गोड लागत नसे. तेव्हा आता हसायची पाळी तुमची, हे मान्य करूनच लिहितो आहे.

नागभीडपासून दोन कोसांवर आमचं गाव. आम्ही ढिवर, तळ्यावर जगणारे. बाप मी लहान असतानाच गेला. घर म्हणजे माय आणि मी. पावसाळा सरता सरता तळ्याच्या सांडव्यावर सगळ्या घरांच्या बांबूच्या टोपल्या मासे धरायला एका ओळीत लागत. टोपल्या सगळ्या सारख्याच. ओळखायच्या कशा? तर प्रत्येक टोपलीचं तोंड लुगड्याच्या चिंधीने बांधलेलं असे आणि प्रत्येक घराची गाठ वेगळी. घरात उपास घडला तरी दुसऱ्याच्या गाठीला कोणी हात लावत नसे. आमच्या गाठीचा शेवटचा पेच उलटा. तो मायने मला सातव्या वर्षी शिकवला, आणि तो येणारी माणसं जगात दोनच होती.

पुढे शाळा, नागपूर, शिष्यवृत्ती असं करत करत मी आरायंत्रांचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला निघालो. साल बावन्न. निघताना मायने माझ्या तपकिरी सूटकेसच्या दोन्ही कड्यांमधून हिरव्या लुगड्याची चिंधी ओवली आणि आपली गाठ मारली.

"माय, कुलूप हाय ना त्याले," मी म्हटलं.

"कुलपं सगळ्याईचे सारखेच. तिकडं हजार पेट्या असतीन. आपली कोणती, ते गाठ सांगन तुले."

दोन वर्षांनी चुलतभावाची तार आली. मायचं छातीचं दुखणं बळावलं होतं, लवकर ये. क्षयाची इंजेक्शनं तेव्हा आपल्याकडे खेड्यात कुठली मिळायला! तिथल्या डॉक्टरांनी ती मिळवून दिली, प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी विमानाचं तिकीट काढून दिलं. इंजेक्शनांचा डबा कपड्यांत गुंडाळून सूटकेसमध्ये ठेवला. आणि मग... हे लिहायला मला आजही जड जातं. ती चिंधी दोन वर्षांत काळी पडली होती. विमानतळावर सुटाबुटातल्या लोकांमध्ये ती मिरवायची मला लाज वाटली. मी गाठ सोडली नाही. कात्रीने कापली आणि कचऱ्यात टाकली.

लंडनच्या कारकुनाने सूटकेसला नागपूरपर्यंतची चिठ्ठी लावली. मुंबईला विमान बदलायचं. मी विचारलं, "मुंबईत सामान मी उचलायचं की ते आपोआप पुढे जाणार?" तो म्हणाला, आपोआप.

मुंबईला उतरलो तर सामानात माझी सूटकेस दिसेना. एक अधिकारी म्हणाला, चिठ्ठी नागपूरची आहे ना, मग ती परस्पर नागपूरच्या विमानात गेली असणार. दुसरा म्हणाला, अशक्य. परदेशी सामान कस्टमने उघडून पाहिल्याशिवाय, त्यावर खडूची खूण झाल्याशिवाय देशी विमानात चढूच शकत नाही. ती इथेच कुठेतरी असेल, शोधा. आत शेडमध्ये तपकिरी सूटकेसींचा ढीग. पाच-सहांच्या चिठ्ठ्या तुटलेल्या. सगळ्यांना कुलपं, सगळी सारखीच... माझी त्यांतली एखादी होती का? मला सांगता येईना. चिंधी असती तर लांबूनच दिसली असती.

नागपूरचं विमान सुटायला अर्धा तास होता. पेटीशिवाय गेलो तर मायसाठी आणलेलं औषधच मागे राहणार. थांबलो तर दिवस जाणार, कारण पुढचं विमान दुसऱ्या दिवशी. मी हिशेबी माणूस. रिकाम्या हाताने जाऊन काय उपयोग, असा विचार केला आणि थांबलो. विमान माझ्यासमोर उडालं. त्या एवढ्या माणसांत मला ओळखणारं कोणी नव्हतं, आणि मी ज्याच्यासाठी थांबलो होतो ते मला ओळखता येत नव्हतं. इतका एकटेपणा मला परदेशातही वाटला नव्हता. दिवसभर शोध झाला, चिठ्ठ्या तुटलेल्या पेट्याही ज्याच्या त्याला गेल्या. माझी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी हात हलवत नागपूरला उतरलो. सामानाच्या खोलीत चौकशी केली तर तिथला हमाल कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ते का भाऊ? कालच्याच विमानानं आली. कोणी न्यायलेच आलं नाई. चिंधी पाहून म्हटलं, कोणी आपल्याकडचाच असन, म्हणून बाजूले ठेवली."

माझीच सूटकेस. चिठ्ठीचा नंबर माझ्या पावतीशी जुळला. कस्टमच्या खडूची खूण कुठेही नव्हती. तिथला अधिकारीही ती उलटीपालटी करून बघत राहिला आणि शेवटी सही घेऊन मोकळा झाला. दोन्ही कड्यांमधून चिंधी ओवलेली होती. हिरवी नव्हे. तांबड्या चौकड्यांची, मी कधी न पाहिलेली, आणि ओलसर. नाकाजवळ नेली तर तळ्याच्या गाळाचा वास. गाठीवरून बोट फिरवलं. शेवटचा पेच उलटा होता.

इतवारी स्टेशनवरून छोट्या रेल्वेने नागभीड, तिथून बैलगाडी. पेटी सगळी वाट मांडीवर घेऊन बसलो होतो. गाडीवानाने दोनदा सांगितलं, खाली ठेवा म्हणून. दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. अंगणात माणसं बसली होती आणि कोणी उठून सामोरं येत नव्हतं, तेव्हाच समजलो. माय त्याच दिवशी पहाटे गेली होती. दुपारी चुलतभावाने अग्नी दिला होता.

घरात शेजारची काकू होती, तिनेच शेवटपर्यंत मायचं केलं. दोरीवर एक लुगडं वाळत होतं. तांबड्या चौकड्यांचं. पदराची एक पट्टी फाडलेली. मी नुसतं बोट दाखवलं.

काकू म्हणाली, "तू गेल्यावर घेतलं होतं तिनं ते. काल सकाळी मी तळ्यावर धुऊन आणलं अन् तिच्या खाटेवर ठेवून चूल पेटवाले गेली. येऊन पाह्यते तं हिनं वल्लंच फाडलं. हातात पट्टी घेऊन गाठ मारून राह्यली होती. 'बसत नाई, बसत नाई' म्हणे. मंग म्हणे, 'बसली.' मी पाह्यलं तं हातात काईच नाई. खाटेखाली पाह्यलं, सारं घर पाह्यलं... पट्टी सापडलीच नाई."

काल सकाळी. म्हणजे मी शेडमध्ये तपकिरी पेट्यांच्या ढिगासमोर उभा होतो तेव्हा.

नंतर मी विमान कंपनीला कितीतरी पत्रं लिहिली. उत्तर एकच, त्या दिवशीच्या नागपूरच्या विमानात अशा नंबरच्या सामानाची नोंद नाही. कड्या सैल झाल्या म्हणून एखाद्या मुंबईच्या हमालाने चिंधी बांधली असेल, हेही मी स्वतःला सांगून पाहिलं. मग ती त्याच लुगड्याची कशी, आणि तो पेच? अशी गाठ मारणारी माणसं तेव्हा दोनच होती, आणि ती मी मारली नव्हती. तुटलेल्या पट्ट्याचं कारण मला नेहमी सापडलं, ह्याचं नाही. वाचकांपैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा, पण मला फारशी आशा नाही.

सूटकेस अजून माझ्या खोलीत आहे. गाठ सोडायला मला एक मिनिट पुरेल. माझ्यानंतर ती सोडू शकेल असं कोणी उरलेलं नाही. तरी इतक्या वर्षांत माझा हात धजला नाही. डबा आत तसाच आहे.

भुताखेताची भीती मला तेव्हाही वाटली नाही आणि आजही वाटत नाही. मला झोप येत नाही ती काकूच्या शेवटच्या वाक्याने. ते तिने त्या दिवशी सांगितलं नव्हतं. तेराव्यानंतर मी परत निघालो तेव्हा गाडीपाशी येऊन, खाली बघत सांगितलं.

"सांगू नये वाटत होतं, बाबू. पण गाठ मारली त्या दिवशी दुपारपासून रातपावतर तिचं एकच चालू होतं. दाराकडं पाहे अन् म्हणे, 'पेटी तं पोचली. मंग बाबू काऊन नाई आला?'"